क्रोन्समध्ये हेवी औषध आधी का दिलं

ज्यांच्या मुलांना क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज आणि जखमा होत राहणारा आजार, निघालाय आणि डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब ह्या सलाइनमधून द्यायच्या औषधाचं नाव घेतलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण ते नाव पहिल्यांदा ऐकल्यावर घरात जो काय गोंधळ उडतो तो आमच्याकडे पुरेपूर उडून झालाय. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य कुठलं तर "एवढं हेवी औषध लगेच कशाला, आधी साधं काहीतरी देऊन बघा ना". सासूबाई, माझा भाऊ, सोसायटीतले काका, नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण ज्याच्या मेव्हण्याला कोलायटिस आहे, सगळ्यांचं तेच. आणि ऐकायला पटतंच ना ते, ताप आला तर आपण आधी क्रोसिनच देतो. पण मुलांच्या सिव्हिअर क्रोन्समध्ये हा हिशोब उलटा आहे हे मला डॉक्टर मॅडमनी नीट बसवून समजावलं, ते जमेल तसं इथे मांडते. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, त्यामुळे डोस वगैरे आपापल्या डॉक्टरांनाच विचारा.

आमचा मुलगा बारा वर्षांचा, सातवीत. जेवण झालं की पोटात दुखायचं, संडास पातळ, संध्याकाळी अंग कोमट लागायचं, आणि वाढ ठप्प. पाचवीत घेतलेली युनिफॉर्मची पँट सातवीत आरामात होत होती, उलट कमरेला सैल. आजी म्हणायची बारीक चण आहे, बाप पण असाच होता. कुटजारिष्ट झालं, बेलाचा मुरांबा झाला, ताक तर रोजच. मग एक दिवस तो ॲक्टिवावर मागे बसेना. पुण्यातलं पोर ॲक्टिवावर बसायला नाही म्हणतंय म्हणजे काहीतरी नक्की आहे. बसलाच तर एका कुशीवर, आणि स्पीडब्रेकर आला की माझा खांदा घट्ट धरून ठेवायचा. बघितलं तर संडासच्या जागेशेजारी गळू. सर्जननी ते कापून पू काढला, काही आठवड्यांनी परत आलं, आणि मग कळलं की ते भगंदर आहे.

आता भगंदर म्हटल्यावर अर्ध्या पुण्याकडे एकच उत्तर असतं, क्षारसूत्र, म्हणजे औषध लावलेला दोरा. चार ठिकाणचे पत्ते आले आमच्याकडे. मोठ्या माणसांच्या साध्या भगंदरात त्याने गुण येतो हे मी पण पाहिलंय, माझ्या मामांचंच झालंय. पण क्रोन्सचं भगंदर आतल्या आतड्याच्या सुजेतून येतं, आणि तिथे हळूहळू कापत जाणारा दोरा घातला तर जखम भरत नाही, वर संडासवरचा कंट्रोल जायची भीती. त्याच्याऐवजी सैल दोरा घालतात, सीटन म्हणतात त्याला, त्याचं काम एवढंच की पू वाहता राहावा आणि आत साठून परत गळू होऊ नये. बरं करायचं काम औषधाचं. आधी पेल्व्हिसचा एमआरआय, मग भूल देऊन सीटन, सोबत मेट्रोनिडाझोल आणि सिप्रो ही अँटिबायोटिक्स. मेट्रोनिडाझोलने तोंडाला पत्र्यासारखी चव येते असं तो म्हणायचा.

पण हे सगळं व्हायच्या आधी मध्ये एक मोठं वळण होतं ते म्हणजे टीबी. सोनोग्राफीत लहान आतड्याचा शेवटचा भाग जाड दिसला आणि आजूबाजूच्या गाठी सुजलेल्या, आणि आपल्याकडे हे चित्र दिसलं की पहिला संशय टीबीचाच घेतात. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोघांची आवडती जागा एकच, जिथे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे. ज्या हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा दाखवलं तिथे एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू केलं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या, लघवी केशरी. त्यांना मी दोष देत नाही, टीबीला क्रोन्स समजून इन्फ्लिक्सिमॅब दिलं तर टीबी अंगभर पसरू शकतो, तेव्हा चुकायचंच असेल तर कुठल्या बाजूला चुकावं हे उघड आहे. माझी तक्रार वेगळी आहे. कोलोनोस्कोपी न करताच सुरू केलं आणि परत कधी बघायचं ते सांगितलंच नाही. नऊ महिने घ्या म्हणाले आणि विषय संपला. दोन महिने उलटून गेले तरी वजन खालीच चाललेलं, तेव्हा आम्ही मुलांच्या पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. पेडियाट्रिक गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट असा वेगळा डॉक्टर असतो हेच आम्हाला माहीत नव्हतं तोवर.

मॅडमनी आधी ग्रोथ चार्ट मागितला. आमच्याकडे कुठला असायला. मग त्यांनी शाळेच्या हेल्थ कार्डावरची आणि जुन्या लसीकरणाच्या फाइलमधली उंची-वजनं घेऊन समोर बसूनच ठिपके मारले. नऊ वर्षांपर्यंत ठिपके एका रेषेवरून व्यवस्थित चढतायत, मग रेषा वर निघून गेली आणि ठिपके आडवे. वजन २७ किलो. पेन तिथेच ठेवून त्या म्हणाल्या, "आजार इथे सुरू झालाय, जुलाब सुरू झाले तेव्हा नाही." मनगटाचा एक्स-रे काढायला लावला, त्यात हाडांचं वय दहाच्या आसपास आलं. ती त्यातल्या त्यात चांगली बातमी होती म्हणे, म्हणजे उंची वाढायला अजून वाव आहे.

मग कोलोनोस्कोपी आणि एंडोस्कोपी एकाच भुलीत. आतड्यात मध्येच चांगला भाग, मध्येच खोल अल्सर, परत चांगला भाग, परत अल्सर. एकेटी एवढे दिवस घेऊनही अल्सर जराही भरलेले नव्हते, टीबी असता तर तोवर भरायला लागलेले दिसतात. बायॉप्सीत ग्रॅन्युलोमा (सुजेतल्या पेशींचे छोटे पुंजके) होते पण टीबीत असतात तसे नाही, त्याच तुकड्यांवर जीनएक्स्पर्ट ही टीबीचे जंतू शोधायची टेस्ट केली ती निगेटिव्ह. स्टूल कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे संडासमधून आतड्याची सूज मोजायची टेस्ट, १८०० च्या वर, नॉर्मल म्हणजे ५० च्या आत. हिमोग्लोबिन ८, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) २.६, दोन्ही कमी. सगळं एकत्र बघून आणि मुख्य म्हणजे भगंदर बघून क्रोन्स नक्की झालं आणि एकेटी बंद. हा आजार १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट लिहिला, त्यातल्या एकाचं नाव क्रोन. माझ्या सासऱ्यांना वाटत होतं की क्रॉनिक म्हणतायत सगळे.

तर हेवी औषध आधी का. मॅडमनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते. मोठ्या माणसाच्या आतड्याला सूज असली तर त्याचं आतडं खराब होतं, मुलाची त्याच्याबरोबर वाढ पण थांबते, आणि वयात येऊन हाडांची टोकं जुळली की राहिलेली उंची परत मिळत नाही. म्हणजे साधं औषध देऊन सहा महिने बघू, मग दुसरं बघू, असं करायला मुलाकडे वेळच नसतो. त्यातही ज्यांना भगंदर आहे, खोल अल्सर आहेत, वाढ खुंटलीये, त्यांना पहिल्यापासूनच अँटी-टीएनएफ, म्हणजे इन्फ्लिक्सिमॅबच्या गटातलं औषध, द्यावं असं आता मुलांच्या गाइडलाइन्समध्येच आहे. आणि साधं म्हणजे तरी काय? स्टेरॉइड. तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात, उंची अजून मागे पडते, आणि आतल्या जखमा भरतातच असं नाही. स्टेरॉइडला आपण साधं म्हणतो कारण ते स्वस्त आहे आणि मेडिकलवाल्याला नाव माहीत असतं, एवढंच. इन्फ्लिक्सिमॅब अमेरिकेत १९९८ ला मोठ्यांच्या क्रोन्ससाठी आलं आणि २००६ पासून मुलांसाठी पण मान्य आहे, म्हणजे काल-परवाचं प्रयोगाचं औषध नाही.

सूज पेटती ठेवणारा टीएनएफ नावाचा पदार्थ शरीर बनवत असतं, तो हे औषध धरून ठेवतं. हे औषध म्हणजे एक अँटिबॉडीच, ती पेशींमध्ये वाढवतात आणि तिचा काही भाग उंदराचा असतो. हे मी घरी बोलायला नको होतं, सासूबाईंनी दोन दिवस देवापुढे दिवा लावताना उंदराला पण हात जोडले.

औषध द्यायच्या आधीची तयारी हाच खरा मोठा भाग आहे आणि इथे अजिबात घाई करू देऊ नका. टीबी परत एकदा शोधतात, ह्यावेळी लपलेला. मांटू टेस्ट, आयग्रा नावाची रक्ताची टेस्ट, छातीचा एक्स-रे, आमच्याकडे छातीचा सीटी पण केला. मांटूचं इंजेक्शन हाताच्या आतल्या बाजूला देतात आणि दोन-तीन दिवसांनी जाऊन दाखवायचं असतं. नर्सनी बॉलपेन चामडीवरून हळूहळू सरकवत नेलं, पेन अडलं तिथे रेघ, दुसऱ्या बाजूनी तसंच, मग दोन रेघांमधलं अंतर पट्टीने मोजलं. नुसतं लाल दिसतंय ते मोजायचं नसतं, कडक लागतंय ते मोजायचं. आमचं निगेटिव्ह आलं. पण मॅडम म्हणाल्या की कुपोषित मुलात निगेटिव्ह टेस्टवर पूर्ण विसंबायचं नाही, घरात कोण खोकतं ते सांगा. सासऱ्यांना तरुणपणी टीबी झालेला, तर त्यांचा पण एक्स-रे आणि थुंकीची तपासणी. ते जरा चिडले, मला कशाला यात ओढता म्हणाले, पण गेले नातवासाठी. लपलेला टीबी निघाला असता तर आधी त्याच्या गोळ्या सुरू करून निदान महिनाभर थांबून मग हे औषध दिलं असतं.

मग हिपॅटायटिस बी. लहानपणी तिन्ही डोस झालेले तरी अँटिबॉडी कमी आल्या म्हणून बूस्टर. कांजण्यांच्या आणि गोवराच्या अँटिबॉडी पण बघितल्या कारण त्या लसी जिवंत असतात आणि एकदा हे औषध चालू झालं की देता येत नाहीत. आमच्या होत्या म्हणून वाचलो. लसीकरणाची जुनी फाइल फेकू नका बाबांनो, कुठे ठेवलीये ते आजच बघा. न्युमोकोकल आणि फ्लूची लस दिली, फ्लूची आता दरवर्षी, घरातल्या सगळ्यांनी.

ह्या तयारीत काही आठवडे जाणारच होते, तेवढ्यात त्याला ताकद यावी आणि सूज उतरावी म्हणून नुसतं फॉर्म्युला दूध. ईईएन म्हणतात. सहा ते आठ आठवडे जेवण पूर्ण बंद, फक्त पावडर कालवून प्यायची, दिवसाला दोन लिटरच्या आसपास. मुलांच्या क्रोन्समध्ये हे स्टेरॉइडच्या तोडीचं काम करतं, हे ऐकून मी तीनदा विचारलं खरंच का म्हणून. इतक्या खंगलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून पूर्ण पाजत नाहीत, थोडं थोडं वाढवतात आणि फॉस्फरस-पोटॅशियम तपासत राहतात, त्यासाठी सुरुवातीला ॲडमिट होता. प्यायला नाही जमलं तर नाकातून नळी, ह्या धमकीवर त्याने प्यायलं.

आणि हे सगळं आलं नेमकं गणपतीत. घरात उकडीचे मोदक वाफेला लागलेत, तुपाचा वास सुटलाय आणि हा सिपर घेऊन बसलाय. मी म्हटलं ह्या वर्षी पेढ्यांचा नैवेद्य दाखवू, तर तोच म्हणाला नाही, मोदकच कर, माझे फ्रीजरमध्ये ठेव. आरतीनंतर प्रसाद वाटायचं काम त्याने स्वतःहून घेतलं, म्हणजे हातात सतत ताट आणि तुला का नको रे असं कोणी विचारायला नको. फार हुशार होतात ही मुलं. फॉर्म्युला थंड करून, झाकण लावून, स्ट्रॉने प्यायला तर वास कमी येतो हा त्याचाच शोध. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप गेला, वजन सव्वादोन किलो वाढलं, आणि संध्याकाळी खाली खेळायला जातो म्हणाला.

पहिलं इन्फ्लिक्सिमॅब. वेळापत्रक असं की पहिला डोस, मग दोन आठवड्यांनी, मग सहाव्या आठवड्याला, आणि नंतर दर आठ आठवड्यांनी. पुस्तकी डोस किलोला ५ मिलिग्रॅम, पण ३० किलोच्या आतल्या मुलांच्या शरीरातून ते लवकर संपतं, अल्ब्युमिन कमी असेल तर अजूनच, म्हणून मॅडमनी १०० च्या दोन वायल पूर्ण दिल्या. औषध फ्रीजमधलं, २ ते ८ डिग्री. आम्ही सदाशिव पेठेतल्या स्टॉकिस्टकडून भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) घेतलं, हॉस्पिटलपेक्षा बराच फरक पडला किमतीत, पण आधी हॉस्पिटलला विचारा बाहेरचं चालतं का, आणि बिलावर बॅच नंबर लिहून घ्या. त्यांनी थर्माकोलच्या डब्यात जेलपॅक घालून दिलं, तो डबा मांडीवर घेऊन मी रिक्षात.

वायलमध्ये पांढरी वडी असते. नर्सनी त्यात पाणी काचेच्या कडेने सोडलं आणि वायल हलवली नाही, नुसती बोटांत गोल गोल फिरवली, फेस व्हायला नको म्हणून, मग पाच मिनिटं ठेवून दिली. मग ते २५० मिलीच्या सलाइनमध्ये आणि नळीत एक छोटासा फिल्टर. हे झाल्यावर तीन तासांच्या आत सुरू करावं लागतं म्हणून पेशंटला ताप-बिप नाही ना हे बघितल्याशिवाय औषध कालवतच नाहीत, हे मला आवडलं. कमीत कमी दोन तास हळूहळू, सुरुवातीला एकदम सावकाश, मध्ये मध्ये बीपी आणि टेंपरेचर. पित्त उठतंय का, धाप लागतीये का, छातीत जड वाटतंय का, हे त्याला आधीच समजावलेलं. दुसऱ्या डोसला थोडं पित्त उठलं, ड्रिप थांबवली, ॲव्हिल दिलं, अर्ध्या तासाने स्पीड कमी करून परत लावली. बाकी वेळ हा मोबाइलवर क्रिकेट बघत.

भगंदराचा पू तिसऱ्या डोसपर्यंत जवळजवळ थांबला, सीटन नंतर काढली.

ह्या औषधाविरुद्ध शरीर स्वतःच अँटिबॉडी तयार करतं आणि मग औषध लागू पडेनासं होतं, ते टाळायला सोबत दुसरं एक औषध देतात. बऱ्याच ठिकाणी अझॅथायोप्रिन देतात, पण मुलग्यांमध्ये ह्या जोडीने अगदी क्वचित एक वाईट लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, झालेला आहे, शिवाय आपल्या लोकांत एनयूडीटी१५ जीनचा बदल असेल तर पांढऱ्या पेशी एकदम पडतात, केस जातात, त्यामुळे ते द्यायचं तर आधी ती टेस्ट करून घ्यावी. आमच्या मॅडमनी मेथोट्रेक्सेट निवडलं. ते आठवड्यातून एकदाच. रोज नाही, एकदाच, चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेतू शकतं. आमचा वार शनिवार, कालनिर्णयवर प्रत्येक शनिवारी लाल गोल, आणि पाकीट माझ्या कपाटात, त्याच्या गोळ्यांच्या डब्यात नाही. रविवारी फॉलिक ॲसिड.

इन्शुरन्सचं थोडक्यात. पहिला क्लेम परत आला कारण काय तर चोवीस तास ॲडमिट नव्हता. आयआरडीएआयच्या, म्हणजे इन्शुरन्सवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, २०१९ च्या नियमांत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं (आमचं औषध ह्याच प्रकारातलं) इंजेक्शन आधुनिक उपचारांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे, ते पान जोडून, मॅडमचं पत्र लावून परत पाठवलं तेव्हा पास झालं, तेही कापूनच, कारण पॉलिसीत त्या यादीला वेगळी मर्यादा होती. तुमच्या पॉलिसीत ती ओळ आधी शोधा. ज्यांच्याकडे पॉलिसी नाही त्यांनी धर्मादाय हॉस्पिटलमध्ये सोशल वर्करना भेटा, अशा हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्याच लागतात, उत्पन्नाचा दाखला घेऊन जा. घरी टोचायचं अडालिमुमॅब हा पण पर्याय असतो, त्याचं झायडसचं बायोसिमिलर २०१४ पासून मिळतंय, पण घरी घेतलं की बहुतेक पॉलिसी पैसे देत नाहीत, हा हिशोब डॉक्टर सांगत नाहीत, आपणच करायचा.

मध्ये एकदा डोसच्या आधीच्या दोन आठवड्यांत पोट परत दुखायला लागलं. माझं धाबं दणाणलं, वाटलं संपलं औषधाचं काम. मॅडमनी डोसच्या आदल्या दिवशी रक्तातली औषधाची लेव्हल करायला लावली, ती ५ च्या वर हवी ती २.१ आली, अँटिबॉडी मात्र नव्हत्या. म्हणजे औषध चालतंय, पुरत नाहीये. अंतर आठावरून सहा आठवड्यांवर आणलं आणि झालं. लेव्हल न करता कोणी औषध बदलू म्हणालं तर आधी लेव्हल करा म्हणा, कारण हातात औषधं मोजकीच आहेत आणि पोराला अख्खं आयुष्य काढायचंय.

आता वजन ३५, ह्या वर्षी उंची आठ सेंटिमीटर वाढली, कॅलप्रोटेक्टिन १४० वर आहे. ताप आला की डोस पुढे ढकलायचा आणि आधी फोन करायचा, एवढं आजोबांना पण पाठ झालंय. औषध बंद कधी होणार हे सगळे विचारतात, मी पण विचारलं. मॅडम म्हणाल्या आधी आतून भरलंय का ते बघू, आणि भरलेलं दिसलं तरी लगेच बंद करणार नाही, कारण बंद केल्यावर बऱ्याच जणांचं परत उलटतं. कोलोनोस्कोपी दिवाळीच्या सुट्टीत ठरलीये. आदल्या दिवशीचं ते पोट साफ करायचं खारट पाणी प्यायचं म्हणून हा आत्तापासून कुरकुरतोय, आणि फराळ स्कोपीच्या आधी का नंतर ह्यावर त्याची आणि आजीची वाटाघाट चालू आहे.